थोपवायचं की सोडून द्यायचं? विशीत विरळ होणाऱ्या केसांचा हिशेब

माझा मावसभाऊ 23 वर्षांचा आहे. दर रविवारी बाथरूमच्या जाळीत अडकलेल्या केसांचा फोटो पाठवतो आणि खाली एकच ओळ: "दादा, केस गळूनच राहिले, काय करू?" त्याच्या वयात मी सीताबर्डीच्या एका दुकानातून खात्रीच्या तेलाच्या तीन बाटल्या आणल्या होत्या, त्यामुळे त्याला हसायला मला तोंड नाही.

जाळीचा नको, कपाळाचा फोटो पाठव, असं त्याला सांगितलं. दिवसाला 50 ते 100 केस तर सगळ्यांचेच जातात. डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस हातात येतात. नागपुरात पावसाळ्यात तापाने आजारी पडलेली पोरं संक्रांतीच्या सुमारास आरशासमोर उभी राहतात ती यामुळे. हे केस बहुतेकांचे आपोआप परत येतात. नाण्याएवढी गोल जागा एकदम गुळगुळीत झाली तर ती चाई, तिचा उपचार वेगळा. पण कपाळाचे कोपरे मागे सरकतायत, टाळू दिसायला लागलीय, नवा केस आधीपेक्षा बारीक उगवतोय, तर ते घराण्यातून आलेलं टक्कल. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डीएचटी नावाचं संप्रेरक केसांची मुळं हळूहळू लहान करत जातं. बोअरचं जड पाणी केस राठ करेल, टक्कल पाडणार नाही. हेल्मेटही निर्दोष आहे. आणि "मामाकडे बघ" हे अर्धंच खरं, वारसा वडिलांकडूनही येतो.

तेल की लोशन

जास्वंद, माका, खोबरेल यांनी केस मऊ राहतात, आईच्या हातची मालीश मिळते, तेवढ्यासाठी लावावं. डीएचटीपुढे त्यांचं काही चालत नाही. कांद्याच्या रसाचा जो अभ्यास लोक सांगतात तो लहानसा होता आणि चाई पडलेल्यांवर केलेला.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून तिचं लोशन झालं, आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्याला टकलावरचं औषध म्हणून परवानगी मिळाली. साधारणपणे 5 टक्क्यांचं लोशन, 1 मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूला. म्हणजे 60 मिलीची बाटली महिनाभर. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात आणि निम्मी पोरं तिथेच घाबरून सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलं की काही महिन्यांत कमावलेलं जातं. मे महिन्यात पारा 45 वर असताना लोशन घामाबरोबर कपाळावर ओघळतं, म्हणून सकाळचं कूलरसमोर बसून लावावं आणि पूर्ण वाळल्यावरच हेल्मेट घालावं. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी दोन्ही तिच्यापासून दूर, हे औषध तिच्या जिवावर उठतं.

लोशन की गोळी

गोळी म्हणजे फिनास्टेराइड 1 मिलीग्रॅम, टकलासाठी अमेरिकेत मान्यता 1997 मध्ये. लोशन मुळांना चालना देतं, गोळी डीएचटी बनणंच कमी करते, म्हणून गळती थोपवण्यात गोळी सरस. पण थोड्या जणांची कामेच्छा कमी होते, ताठरतेची अडचण येते. बहुतेकांचं हे गोळी सोडल्यावर सुधारतं, पण काहींनी त्यानंतरही त्रास राहिल्याचं सांगितलंय. मन उदास राहण्याच्या तक्रारीही आहेत. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही. रक्तदान करायला जाल तेव्हा गोळी चालू असल्याचं सांगा. ही गोळी मित्राच्या पाकिटातून उचलायची नसते. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे जायचं नसेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत चिठ्ठी काढा. माझ्या भावासारखा आधीच रात्र-रात्र काळजी करणारा असेल, तर मी गोळीने सुरुवात करू देणार नाही.

ट्रान्सप्लांट की झिरो मशीन

23 व्या वर्षी ट्रान्सप्लांट? माझं उत्तर सरळ आहे: नाही. डोक्याच्या मागचे केस काढून पुढे लावतात, आणि मागचा साठा मोजकाच असतो. आज कपाळावर देखणी रेघ आखली आणि तिच्या मागचे मूळचे केस पुढच्या दहा वर्षांत गेले, तर पुढे बेट आणि मागे मैदान. ते टाळायला औषध तरीही घ्यावंच लागतं. टक्कल कुठवर जाणार याचा अंदाज आला की मग बघा. तेव्हाही शस्त्रक्रिया कोण करणार, डॉक्टर की मदतनीस, हे आधी विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

झिरो मशीनला ना बाटली, ना दुष्परिणाम. आपल्याकडची अडचण निराळी: गोटा केला की गल्लीतला पहिला माणूस हळू आवाजात विचारतो, "घरी कोणी गेलं का?" उपाय सोपा, दाढी ठेवा. आधी तीन नंबर मारा, महिन्याने एक नंबर. उन्हात दुपट्टा हवाच. लग्नाच्या बायोडाटावर मात्र कॉलेजातला फोटो नको, आजचाच लावा.

मावसभावाने तूर्त तीन नंबर मारलाय आणि डॉक्टरांना विचारून लोशन घेतलंय. फोटो आता महिन्यातून एकदाच, 1 तारखेला, त्याच ट्यूबलाइटखाली. पोळ्याला सुरू केलंय. होळीपर्यंत त्यावर बोलायचं नाही, असं ठरलंय.