डीएनए फ्रॅगमेंटेशन टेस्ट: नागपूरच्या धंतोलीतल्या या लॅबचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

मूल होत नाही आणि नवऱ्याचा साधा रिपोर्ट 'नॉर्मल' आला, की सगळे बाईकडेच बोट दाखवतात. माझ्या बायकोनं हे फार सोसलं, म्हणून सविस्तर लिहितोय. साध्या तपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार एवढंच कळतं. आतला डीएनए धड आहे की तुटका, ते नाही. ते या डीएनए फ्रॅगमेंटेशन टेस्टमध्ये बघतात. आधीच्या लॅबमध्ये हे कुणी सांगितलंच नाही.

इथल्या मॅडमनी कागदावर काढून समजावलं. इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. शुक्राणू घडताना बहुतेक हिस्टोन निघून जातात, मधल्या काळात ट्रान्झिशन प्रथिनं येतात आणि शेवटी प्रोटामिन. प्रोटामिन डीएनएला इतकं घट्ट आवळतं की जीन्सचं काम थांबतं. म्हणून प्रोटामिन बनवायचा आरएनए (जीनवरून उतरवलेली नक्कल) आधीच तयार करून ठेवलेला असतो, वापर होतो काही दिवसांनी! माणसात ५ ते १५ टक्के हिस्टोन तरीही उरतात, त्यातले काही गर्भाच्या वाढीसाठी लागणाऱ्या जीन्सपाशी. या अदलाबदलीत पीळ सोडवायला डीएनएला तात्पुरते काप जातात. ते सांधले गेले नाहीत तर तसेच राहतात, कारण तयार शुक्राणूला स्वतःची दुरुस्ती जवळपास करताच येत नाही.

मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. स्लाइडवर आम्ल टाकून मग प्रथिनं काढून टाकतात. डीएनए शाबूत असेल तर शुक्राणूच्या डोक्याभोवती मोठं वलय पसरतं, तुटला असेल तर वलय अगदी लहान, नाहीतर नाहीच. माझ्या स्लाइडवर बिनवलयाचे बरेच होते.

मी बुटीबोरीला भट्टीवर काम करतो. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं, हे मला या लॅबमध्येच कळलं. सिगारेट, ताप, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा) याबद्दलही मॅडमनी विचारलं. पंधरा दिवसांनी परत टेस्ट करू का म्हटलं, तर म्हणाल्या, "नाही भाऊ, पैसे वाया जातील. शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७४ दिवस लागतात. तीन महिन्यांनी या." असं सांगणारी लॅब मी पहिल्यांदाच पाहिली. या टेस्टवरून मूल होईलच किंवा होणारच नाही असं ठरत नाही, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केलं.

एक स्टार कापला, कारण सॅम्पलची खोली वेटिंगला लागूनच आहे, बाहेरचं बोलणं आत ऐकू येतं. रिपोर्टही फक्त इंग्रजीत. तो मराठीत मिळायलाच हवा, सोबत येणाऱ्या बायकोलाही वाचता आला पाहिजे.

गाडी लावायला जागा नाही, ऑटोनं जा. टेस्टच्या आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन टाळायचं पथ्य पाळा. गर्भ वारंवार पडत असेल तर या टेस्टबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.