हमीची वाट आणि रूपाची वाट: ह्युंदाई व किया

१९८६ साली ह्युंदाईची एक्सेल अमेरिकेत ४,९९५ डॉलरपासून विक्रीला आली आणि पहिल्याच वर्षी दीड लाखांहून अधिक गाड्या खपल्या. पण स्वस्ताईपाठोपाठ तक्रारीही आल्या आणि कंपनीचे नाव हलक्या मालाशी जोडले गेले. तो डाग पुसण्यासाठी ह्युंदाईने १९९८ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सवर दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची हमी जाहीर केली. माझ्या मते या निर्णयाचे मोल कोणत्याही जाहिरातीहून मोठे होते, कारण गाडी बिघडली तर दुरुस्तीचा खर्च कंपनीच्याच अंगावर येणार होता आणि त्यामुळे दर्जा आधीच राखणे तिला भाग होते. २००९ च्या मंदीत तर, ग्राहकाची नोकरी गेल्यास गाडी परत घेण्याचे आश्वासनही तिने दिले.

कियाची गोष्ट निराळी आहे. १९९७ मध्ये डबघाईला आलेली ही कंपनी पुढच्याच वर्षी ह्युंदाईच्या छत्राखाली गेली, तरी तिला स्वतःचा चेहरा नव्हता. तो २००६ मध्ये जर्मनीतून आलेले डिझायनर पीटर श्रायर यांनी दिला: समोरच्या जाळीची वरची आणि खालची कड मधोमध आत दबलेली, जिला ‘वाघाचे नाक’ म्हणतात. बोधचिन्ह दिसण्याआधीच गाडी कोणाची हे दुरून ओळखू येऊ लागले.

या दोन्हींत मला ह्युंदाईची वाट अधिक खडतर वाटते. भारतात १९९८ मध्ये सँट्रो आणताना तिला विश्वास शून्यातून उभा करावा लागला. २०१९ मध्ये सेल्टॉस घेऊन आलेल्या कियाला ती वाट बरीचशी मळलेली मिळाली.