टर्मिनलवरचं गिट पुश: काही महिने वापरल्यानंतर

गिट पुश म्हणजे आपल्या मशीनवरचे कोडमधले बदल सर्व्हरवर पाठवणारी आज्ञा. एडिटरमधलं तिचं बटण सोडून टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) आलो, त्याला आता बरेच महिने झाले. सुरळीत चालतं तेव्हा गिट पुशबद्दल सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून अडतं तेव्हाचंच लिहितो.

पुश अडला की येणारी 'फेल्ड टू पुश सम रेफ्स' ही ओळ वाचून काही कळत नाही. कारणं निराळी असली तरी खाली हीच येते, आणि नेटवर हीच शोधली तर भलत्याच दुखण्याची औषधं हाती पडतात. कामाचं असतं ते तिच्या वर, उद्गारचिन्हाच्या ओळीत. तिथे नुसतं 'रिजेक्टेड' आणि कंसात 'फेच फर्स्ट' असेल, तर सर्व्हरवर तुमच्याकडे नसलेले कमिट (नोंदवलेले बदल) आहेत. आधी पुल करून ते खाली आणा (मी रिबेससह करतो, म्हणजे माझे कमिट त्यांच्यानंतर बसतात), मग पुश. 'रिमोट रिजेक्टेड' असेल तर नकार पलीकडून आलाय: प्रोटेक्टेड ब्रांच (बदलांवर निर्बंध असलेली शाखा), एखादा हुक (आपोआप चालणारी तपासणी), मोठी फाइल. कारण 'रिमोट:' ने सुरू होणाऱ्या ओळींत सापडतं.

सगळ्यात चिवट मोठी फाइल. गिटहब (कोड ठेवण्याची ऑनलाइन सेवा) १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही. ती डिलीट करून नवा कमिट केला तरी पुश अडतोच, कारण जुन्या कमिटमध्ये ती बसलेलीच असते. शेवटच्या कमिटमध्ये असेल तर अमेंडवर (तोच कमिट दुरुस्त करण्यावर) भागतं; मागे कुठे असेल तर गिट फिल्टर-रेपो हे साधन वापरून इतिहासच नव्याने लिहावा लागतो. सर्व्हरवर आधीच गेलेले कमिट त्यात बदलले, तर फोर्स (तिथलं पुसून आपलं लादणं) लागतो, पण 'फोर्स-विथ-लीज'च वापरा: मधल्या काळात दुसऱ्या कुणी काही पाठवलं असेल तर ते थांबतं. एडिटर मागच्या मागे फेच करत (सर्व्हरवरचे नवे कमिट आणून ठेवत) असेल तर तेही पुरतं राखण करत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

लॉगिनचं म्हणाल तर १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबवर पुशसाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही. टोकन (गिटहबवर बनवायचा पासवर्डसारखा लांब कोड) किंवा एसएसएच की (मशीनवर ठेवलेली ओळखीची फाइल) लागते. टर्मिनल मात्र अजूनही 'पासवर्ड'च मागतं! तिथे टोकन पेस्ट करायचं. यूआरएल बरोबर असूनही 'रिपॉझिटरी नॉट फाउंड' आलं (रिपॉझिटरी किंवा रिपो म्हणजे प्रकल्पाचा साठा), तर बहुधा त्या खात्याला प्रवेश नाही. खासगी रिपो अस्तित्वात आहे हेसुद्धा परक्याला कळू देत नाहीत. एकाच मशीनवर दोन खाती असली की हा घोळ हमखास होतो.

नव्या ब्रांचवरची 'नो अपस्ट्रीम ब्रांच'ची (सर्व्हरवरची जोडीची ब्रांच ठरलेली नाही, अशी) कटकट २०२२ मधल्या गिट २.३७ पासून आलेल्या 'पुश डॉट ऑटोसेटअपरिमोट' या सेटिंगने संपली. ती आधीपासूनच चालू का नसते, देव जाणे.