रघू राय की दयानिता सिंह: क्षण आणि मांडणी

बातमीसाठी फोटो या दोन्ही भारतीय छायाचित्रकारांनी काढले, पण वाटा फार लांब गेल्या. रघू राय १९६० च्या दशकात ‘द स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकात रुजू झाले. पुढे १९७७ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या शिफारशीने ते ‘मॅग्नम’ या छायाचित्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत गेले. त्यांची चौकट गच्च भरलेली असते: माणसं, जनावरं, धूर, सावल्या, सगळं एकाच वेळी. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतलं, मातीत पुरल्या जाणाऱ्या बाळाचं त्यांचं छायाचित्र एकटंच पुरेसं आहे. शेजारी दुसरा फोटो लावायची गरजच नाही.

दयानिता सिंह यांचं नेमकं उलट. त्यांना सुटा फोटो म्हणजे निव्वळ कच्चा माल वाटतो. (चौकोनी, कृष्णधवल, तोही सुंदरच!) बातमीदारी सोडून त्या पुस्तकांकडे वळल्या. मग लाकडी घडीच्या चौकटी आल्या. त्यांतले फोटो हवे तेव्हा बदलायचे, म्हणजे प्रदर्शनाचा क्रम कधीच पक्का नाही. २०२२ चा हासेलब्लाड हा छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला.

पहिल्यांदाच छायाचित्रं बघणाऱ्याला मी राय दाखवेन. माझ्या टेबलावर मात्र सिंह यांचं पुस्तक असतं, दर वेळी वेगळ्या पानावर उघडलेलं.