कार्ट्रिज की दुधारी ब्लेडचा रेझर? आधी ब्रश आणा, मग ठरवा

ऑफिसातल्या तिघांनी वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला, की कार्ट्रिज (दांड्याला अडकवायचं तयार पात्यांचं डोकं) सोडून तो जुन्या पद्धतीचा, एकाच दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर घेऊ का, आणि मी तिघांनाही उलट विचारलं की दाढीला सध्या लावता काय. तिघेही डब्यातला फोमवाले. म्हटलं रेझरचं राहू द्या, आधी एक ब्रश आणि साधं ट्यूबमधलं क्रीम आणा आणि आहे त्याच कार्ट्रिजनं पंधरा दिवस दाढी करून बघा. एकाची आग-आग तिथंच थांबली, त्यानं रेझर घेतलाच नाही. ब्रशनं केस उभे राहतात, दोन मिनिटं पाणी मुरतं आणि नरम पडतात, निम्मा फरक तिथंच पडतो. तुम्ही आधीपासून ब्रशवाले असाल (आपल्याकडे बरेच जण असतात) तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

खर्चाचं आधी बोलू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. दुधारी ब्लेड कुठल्याही कंपनीचं घ्या, कुठल्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसतं. हा रेझर काढणाऱ्या किंग जिलेटचं पेटंट १९०४ चं, ते संपून शंभर वर्षं झाली, त्यामुळे आज या ब्लेडवर कुणाची मालकी नाही आणि किराणा दुकानातही पाच ब्लेडचं पाकीट चहा-वड्याच्या पैशात मिळतं. कार्ट्रिजचं उलटं आहे, ज्याचा दांडा त्याचंच डोकं. १९७१ मध्ये दोन पात्यांचं आलं, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच, आणि आता तीन पात्यांच्या एकेका डोक्याला शंभराच्या वर मोजावे लागतात. पण याच जिलेटच्या कंपनीनं २०१० मध्ये आपल्याकडे एका पात्याचा ‘गार्ड’ नावाचा कार्ट्रिज रेझर १५ रुपयांना काढला होता, त्याची डोकी आजही स्वस्तच आहेत, म्हणजे नुसते पैसेच वाचवायचे असतील तर सेफ्टी रेझरची गरजच नाही. आणि एक सांगून ठेवतो, या नादात पैसे वाचलेला माणूस मी बघितलेला नाही. ब्लेडचे वाचतात ते साबण, ब्रश, वाटी, आफ्टरशेव यात दामदुप्पट जातात. माझ्या बाथरूमच्या फळीवर बघून बायको विचारते, दुकान टाकायचंय का.

आता हातातला फरक. कार्ट्रिजचं डोकं हलतं, गालाच्या वळणाप्रमाणे स्वतः वळतं, झोपेत दाबून फिरवलं तरी बहुतेक निभावतं. सेफ्टी रेझरचं डोकं घट्ट, कोन तुम्हालाच धरायचा, साधारण ३० अंशांचा. तो मोजायचा नसतो. डोक्याचा वरचा भाग गालावर सपाट टेकवायचा, दांडा आडवा राहतो, मग दांडा हळूहळू खाली आणायचा आणि जिथं ब्लेड केसाला लागून खर्र आवाज येतो तिथं थांबायचं. आवाज बंद झाला की कोन चुकला. आणि दाब शून्य, रेझरच्या वजनानंच काम होऊ द्यायचं. कार्ट्रिजची वर्षानुवर्षांची दाबायची सवय इथं रक्त काढते, माझं पहिल्या आठवड्यात हनुवटीखाली तीनदा निघालं.

गळ्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण सगळी रड तिथंच असते. एक दिवस दाढी न करता बोट फिरवून बघा, केस कुठल्या दिशेनं गुळगुळीत लागतात. माझ्या उजव्या गळ्याला ते सरळ खाली आहेत आणि डाव्या बाजूला चक्क आडवे, कानाकडे वळलेले, आणि हे मला पस्तिशीत कळलं, तोपर्यंत मी तिथं आयुष्यभर उलटाच हात मारत होतो. पहिला हात केसांच्या दिशेनं, मग पुन्हा फेस लावून आडवा, बस. उलटा हात पहिला महिनाभर विसरा. केस कुरळे असतील आणि गळ्यावर पुटकुळ्या येत असतील तर एका पात्याचा खरा फायदा तुम्हाला आहे, कारण जास्त पात्यांत पुढचं केस ओढतं, मागचं त्वचेच्याही खाली कापतं, आणि मग तो केस वर यायच्या ऐवजी आतच वळतो. गुळगुळीतपणा मात्र कार्ट्रिजचाही चांगलाच असतो, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

वेळ? कार्ट्रिजनं पाच मिनिटं. सेफ्टी रेझरनं सुरुवातीला पंधरा, हात बसला की आठ-दहा. ज्याला सकाळी ७ ची लोकल पकडायचीय आणि रोज दाढी करावीच लागते त्यानं रविवारपुरता सेफ्टी रेझर ठेवावा, रोज कार्ट्रिज, त्यात काही कमीपणा नाही.

घ्यायचंच ठरलं तर रेझर कुठला. दोन जाती दिसतील, एक फुलपाखरू, म्हणजे खालची मूठ फिरवली की वरची दोन दारं उघडतात, आणि दुसरा तीन तुकड्यांचा, वरचं झाकण, मधली पट्टी, दांडा. फुलपाखरू बघायला मजेशीर असतं म्हणून मी ऑनलाईन स्वस्तातलं मागवलं, तर त्यात ब्लेड तिरकं बसायचं, एका बाजूनं जास्त बाहेर, एका बाजूनं कापायचंच नाही आणि दुसरी बाजू सोलायची. तीन तुकड्यांच्या रेझरमध्ये बिघडण्यासारखं काही नसतं आणि धुवायलाही सोपा. मधल्या पट्टीला कंगव्यासारखे दात असलेला नवख्यांनी घेऊ नये, तो जास्त आक्रमक असतो. जर्मनीचे मेर्कुर ३४सी किंवा म्यूले आर८९ उत्तम आहेत, पण इथं येईपर्यंत महाग पडतात, पहिला रेझर भारतीय घ्या, नाद टिकला तर बघू. ब्लेड एकदम शंभर घेऊ नका, चार-पाच प्रकारची छोटी पाकिटं घ्या, एकाच्या गालाला लोण्यासारखं चालणारं दुसऱ्याला ओढतं. जपानी फेदर सगळ्यात शेवटी, फार तीक्ष्ण. एक ब्लेड तीन-चार दाढ्या, ओढायला लागलं की कंजुषी न करता बदला.

फेस ताकासारखा पातळ नको, श्रीखंडासारखा घट्ट तर अजिबात नको, तो गालावरच वाळतो, दह्यासारखा ओलसर चकचकीत हवा. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबण कितीही घोळा, फेस टिकतच नाही, मग लोक साबणाला शिव्या देतात. फेसापुरतं अर्धी वाटी फिल्टरचं कोमट पाणी घ्या, किंवा साबणाऐवजी क्रीम वापरा, ते जरा सांभाळून घेतं. ब्रश सिंथेटिकच घ्या, लवकर वाळतो, वासही येत नाही. शेवटी तुरटीचा ओला खडा फिरवायचा, जिथं जास्त चुरचुरेल तिथं दाब पडला असं समजायचं.

तिसरा पर्याय सलूनचा. तिथला वस्तराही आता बहुतेक अर्ध्या ब्लेडचाच असतो, न्हावी कागदी वेष्टणातच ब्लेड मधोमध कट्कन मोडतो आणि एक अर्धं वस्तऱ्यात सरकवतो, ते हेच दुधारी ब्लेड. म्हणजे त्या ब्लेडची भीती असेल तर ते तुमच्या गळ्यावर आधीच हजारदा फिरून गेलंय. आठवड्यातून एकदाच दाढी करणाऱ्यानं खुशाल तिथं जावं, घरी एवढा पसारा मांडायची गरज नाही.

विमानात केबिनच्या बॅगेत सुटी ब्लेडं नेता येत नाहीत, त्यामुळे प्रवासाला मी अजूनही जुनं कार्ट्रिजच नेतो. आणि वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बाईचा हात कापतो. टाल्कम पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला सुरीनं बारीक फट पाडलीय, वापरलेलं ब्लेड त्यात जातं. दोन वर्षं झाली, निम्माही भरलेला नाही.