दहा मिनिटांत रेडॉन मोजून देणारा माणूस

आमची वस्ती जेमतेम चाळीस घरांची. "जमिनीतून रेडॉन घरात शिरतोय, मोफत तपासून देतो" असं सांगत एक जण दारोदार फिरला आणि चार दिवसांत निम्म्याहून जास्त घरांनी त्याच्याकडून हवा शुद्ध करायचं यंत्र घेतलं. आम्हीही घेतलं. पैसे मी स्वतः मोजून दिले, म्हणून हे लिहितेय.

रेडॉन हे थोतांड नाही, आणि आम्ही फसलो ते त्यामुळेच. माती-खडकातल्या युरेनियमपासून हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. जमिनीच्या भेगांतून तो घरात येतो, बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी जास्त. आमचे बाबा फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्या माणसाने बोलता बोलता ते काढून घेतलं आणि मग जमिनीखालच्या खोलीत जाऊन यंत्र थेट फरशीच्या भेगेवर ठेवलं. दहा मिनिटांत आकडा लाल झाला. आईने माझा हात घट्ट धरला. मग त्याने आपलं शुद्धीकरण यंत्र लावलं, "हवा खेळती हवी" म्हणत खिडकी उघडली, मोजायचं यंत्र उचलून टेबलावर ठेवलं, आणि आकडा हिरवा!

खिडकी उघडलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी माझ्या लक्षात आलं नाही.

खरी तपासणी अशी होत नाही. रेडॉनचं प्रमाण दिवसा-रात्री, ऋतूप्रमाणे वरखाली होतं. कमी मुदतीच्या चाचणीलाही किमान दोन दिवस लागतात, त्याआधी बारा तास आणि चाचणीभर दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, ये-जा करण्यापुरतंच दार उघडायचं. वर्षभराची सरासरी हवी तर तीन महिने ते वर्षभर ठेवायचे डिटेक्टर, म्हणजे रेडॉन टिपणाऱ्या छोट्या डब्या, मिळतात. डबी वापरातल्या सर्वांत खालच्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर ठेवायची. स्वयंपाकघर, न्हाणीघर, खिडकी यांपासून लांब. मग ती प्रयोगशाळेत पाठवायची. बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक; जागतिक आरोग्य संघटना शक्यतो 100 बेकरेल प्रति घनमीटरच्या आत राहा म्हणते, आणि ते जमत नसेल तर 300 च्या वर तरी जाऊ देऊ नका.

आणि ते शुद्धीकरण यंत्र? रेडॉन निष्क्रिय वायू आहे, धुळीच्या गाळणीतून तो सरळ पार जातो. प्रमाण खरंच जास्त असेल तर फरशीखालून पाइप घालून पंख्याने तिथली हवा छपराच्या वर सोडतात, भेगा बुजवतात आणि नंतर पुन्हा मोजतात. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही.

मोजणारा आणि यंत्र विकणारा एकच असेल तर दार लावून घ्या. मोफत म्हणाला तर आधी लावा.

आम्ही नंतर प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं. आमचं घर 100 च्या आत निघालं. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात मात्र 400 च्या वर. शेजारच्या घराचा आकडा आपल्याला लागू होत नाही, हे तेव्हा कळलं. त्या माणसाने मात्र सगळ्यांना जवळजवळ सारखाच आकडा दाखवला होता.

मला सगळ्यात जास्त सलतंय ते पलीकडच्या काकूंचं. त्यांची झोपायची खोली अर्धी जमिनीखाली आहे, खरी तपासणी त्यांनाच हवी. पण त्या आता रेडॉनचं नाव काढू देत नाहीत. "एकदा लुटलंत, पुरे झालं," म्हणतात. त्यांच्यासाठी मागवलेली डबी माझ्या कपाटात अजून सीलबंद आहे. रविवारी पुन्हा विचारणार आहे.