ईएसपी-३२ बोर्ड आणि वायफायवरून कोड: आठ महिन्यांचा अनुभव

औसा तालुक्यातल्या आमच्या शाळेत शनिवारी दुपारी रोबोटचा वर्ग भरतो. अकरा लेकरं, एक लॅपटॉप आणि ईएसपी-३२ चे चार बोर्ड, म्हणजे गाडी चालवणारे, वायफाय असलेले छोटे कंट्रोलर. एकेक साडेचारशेच्या आसपास पडला.

सुरुवातीला केबलनंच कोड टाकायचो. आमच्या गाडीत बोर्ड बॅटरीच्या खाली बसतो. रेषेवरून चालणाऱ्या गाडीत साधा वेगाचा आकडा बदलायचा म्हटलं तरी बॅटरी उचला, मायक्रो यूएसबीची पिन चाचपत घाला, कोड टाका, पुन्हा सगळं बांधा. तासाभरात वीसदा. शेवटी एका बोर्डाचं सॉकेट ढिलं झालं. पिन बोटानं दाबून धरल्याशिवाय लॅपटॉपला बोर्ड दिसेना. मग वायफायकडे वळलो.

पहिल्या वेळी केबल लागतेच. आर्डुइनो या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधलं ओटीएचं (ओव्हर द एअर, म्हणजे केबलशिवाय कोड पाठवायची सोय) तयार उदाहरण उघडून वायफायचं नाव आणि पासवर्ड भरायचा, कोड टाकायचा. त्यानंतर पोर्टच्या यादीत, म्हणजे कोड कुठे पाठवायचा ते निवडतो तिथं, बोर्ड नेटवर्कवर दिसतो. प्रत्येक बोर्डाला वेगळं नाव आणि पासवर्ड द्याच, नाहीतर एका गटाचा कोड दुसऱ्याच्या गाडीत जातो. आम्ही मोबाईलचा हॉटस्पॉट वापरतो. या बोर्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. माझा फोन ५ वर होता, त्यात अर्धा तास गेला. विंडोजच्या फायरवॉलनंही एकदा अडवलं होतं, परवानगी दिल्यावर सुरळीत झालं.

लूपमधली (कोडचा पुन्हा पुन्हा फिरणारा भाग) ओटीएची ओळ सारखी चालत राहायला हवी. एका मुलीनं दहा सेकंदांचा डिले, म्हणजे थांबायची आज्ञा, टाकला होता, तेवढा वेळ बोर्ड लॅपटॉपचं ऐकेचना. डिलेऐवजी मिलिस (न थांबता वेळ बघायची आज्ञा) का वापरायचं, हे मी फळ्यावर दोनदा शिकवलं होतं. लेकरांना ते त्या दिवशी कळलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. कोड अर्ध्यावर गेला असताना एका गाडीची बॅटरी संपली. मला वाटलं, बोर्ड गेला. बॅटरी बदलली तर जुना कोड जसाच्या तसा चालू! याच्या ४ एमबी मेमरीत प्रोग्रामसाठी दोन कप्पे असतात. नवा कोड रिकाम्या कप्प्यात उतरतो आणि पूर्ण उतरल्यावरच बोर्ड तिकडे वळतो. म्हणून पार्टिशन (मेमरीची वाटणी) निवडताना 'ह्यूज ॲप' घेऊ नका, त्यात दुसरा कप्पाच नसतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कोड उतरत असताना लूप थांबतो, मोटरी थांबत नाहीत. आमची एक गाडी टेबलावरून थेट फरशीवर गेली. "मॅडम, चाकं फिरायलीत अजून!" असं पोरगं ओरडेपर्यंत पुढचा सेन्सर तुटला होता. तेव्हापासून ऑनस्टार्टमध्ये (ओटीए सुरू होताच चालणारा भाग) आधी मोटरी बंद करतो.

सिरियल मॉनिटर (बोर्डानं पाठवलेले आकडे लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) नेटवर्क पोर्टवर चालत नाही, ही खरी उणीव. सेन्सरचे आकडे बघायला अजून केबलच जोडावी लागते.

तरी शाळेसाठी मी पुन्हा हाच बोर्ड घेईन. सॉकेट ढिलं झालेला बोर्डही वर्गात चालू आहे, बॅटरीवर. त्याच्यात कोड आता फक्त वायफायनंच जातो, म्हणून लेकरांनी त्या गाडीवर चिठ्ठी चिकटवलीय: "ओटीएच्या ओळी काढू नका."